जुनं हायड्रॉलिक मॉडेलिंग सॉफ्टवेअर नव्यानं बांधताय? या चुका टाळा

पाणीपुरवठ्याच्या जाळ्याचं गणित करणारा कोड दुरुस्त करायचा असेल, तर आधी एपानेट हे याच कामाचं सॉफ्टवेअर पाहावं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं ते १९९३ मध्ये आणलं. २.० आवृत्ती २००० साली आली, २.२ थेट २०२० मध्ये.

सर्वांत घातक चूक म्हणजे ‘विचित्र’ आकडे साफ करणं. एपानेटमध्ये बंद पाइप समीकरणांतून काढून टाकत नाहीत, त्याला दहा कोटींचा प्रचंड रोध देतात. तसंच पाइपमधल्या घर्षणानं दाब किती घटतो हे सांगणाऱ्या हेझन-विल्यम्स सूत्रात ही घट प्रवाहाच्या १.८५२ घाताच्या प्रमाणात असते. प्रवाह शून्याकडे गेला की या वक्राचा उतारही शून्याकडे जातो, आणि गणितात त्याचा व्यस्त लागतो, तो मग अमर्याद वाढतो. म्हणून ठरावीक मर्यादेखाली वक्राऐवजी सरळ रेषा वापरतात. नव्या माणसाला ही ओळ निरर्थक वाटते आणि ती उडते. एपानेटसोबत येणारी नेट१, नेट३ ही उदाहरण-जाळी तरीही पास होऊ शकतात. मग एखाद्या खऱ्या गावाच्या मॉडेलमध्ये, मागणी थांबलेल्या रात्रीच्या तासाला, उत्तर स्थिरावतच नाही. असं दिसलं तर आधी टोकाचे बंद पाइप तपासा. अशा प्रत्येक आकड्याला नाव द्या, शेजारी कारण लिहा.

म्हणूनच कोडला हात लावण्याआधी जुनी उत्तरं साठवा, आणि त्यात अवघड जाळी हवीतच: रिकामी होणारी टाकी, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, शून्य मागणी. तुलना शेवटच्या अंकापर्यंत करू नका. नोड (पाइप जुळतात ती ठिकाणं) सोडवण्याचा क्रम बदलला तरी तो अंक हलतो. पंप नेमका कधी सुरू झाला, हे मात्र जुळायलाच हवं.

एककांची रूपांतरं कोडभर विखुरू नका. एपानेट आत फूट आणि घनफूट प्रति सेकंदातच हिशेब करतं, रूपांतर फक्त आत येताना आणि बाहेर जाताना. उत्तर ३.२८ पटींनी चुकलं तर मीटर-फूट, २८.३ पटींनी चुकलं तर लिटर-घनफूट असा घोळ शोधा.

ग्लोबल, म्हणजे सगळ्या कोडला सामाईक असलेल्या व्हेरिएबल्समुळे एपानेटच्या जुन्या इंजिनात एका वेळी एकच जाळं उघडता येई. २.२ मध्ये सगळी स्थिती ‘प्रोजेक्ट’मध्ये बांधली, पण जुनी फंक्शन्स तशीच ठेवली. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण एखाद्या अभियंत्यानं वर्षांपूर्वी लिहिलेला एक्सेल मॅक्रो त्यांच्यावरच चालतो.