मोह आणि पाप यांतील सीमारेषा कशी ओळखावी

मनात वाईट विचार नुसता डोकावला तरी स्वतःला अपराधी ठरवून अनेक ख्रिस्ती भाविक विनाकारण खचतात. म्हणून आत्मपरीक्षणाला बसताना आधी हे पक्के धरावे की मोह होणे म्हणजे पाप करणे नव्हे. येशू सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असे बायबलमधील इब्री लोकांस पत्र (4:15) सांगते.

मग विचार कुठवर पोहोचला आहे ते पाहावे. देव कोणालाही मोहात पाडत नाही, माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो आणि ती वासना गर्भ धरून पापाला जन्म देते, असा क्रम याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर ग्रेगरी यांनी सूचना (विचार मनात येणे), रस (त्यात गोडी वाटणे) आणि संमती अशा पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सूचना येणे आपल्या हाती नसते. परंतु ती मनात घोळवत बसलो की पाय घसरू लागतो, आणि मनाने जाणूनबुजून होकार दिला की पाप घडते, मग हाताने काही केलेले असो वा नसो. माझ्या मते सर्वाधिक लक्ष मधल्या पायरीवर द्यावे, कारण तिथून मागे फिरणे अजून शक्य असते आणि नेमके तिथेच आपण स्वतःला फसवतो.

हे उमगण्यासाठी बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय सावकाश वाचावा. देवाने एदेन बागेतल्या एकाच झाडाची मनाई केलेली असताना सर्प हव्वेला, म्हणजे पहिल्या स्त्रीला, ‘कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नका, असे देवाने खरेच सांगितले का?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारतो; म्हणजे फळाच्या आधी देवाच्या चांगुलपणाविषयीचा संशय येतो. त्यानंतरच तिला ते फळ खाण्यास चांगले, दिसण्यास मोहक आणि शहाणे करणारे वाटते. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते चांगल्याची उणीव आहे, असे ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन (354–430) यांनी मांडले, आणि या कथेत तेच दिसते: फळ वाईट नव्हते, देवाकडे पाठ फिरवून ते घेणे वाईट होते. तेच फळ खाणाऱ्या आदामाचा, म्हणजे पहिल्या पुरुषाचा, दोषच वंशाला लागतो, असे पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने मानले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा मुख्यतः मृत्यू आणि दुर्बलता यांचा वारसा मानते.

मोह आला असता त्याच्याशी वाद घालत बसू नये. सैतानाने अरण्यात घातलेल्या तिन्ही मोहांना येशूने बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातील वचनांनी थोडक्यात उत्तर दिले. सर्पाशी संभाषण हव्वेने लांबवले. जारकर्माच्या बाबतीत तर प्रेषित पौल सरळ पळ काढायला सांगतो (1 करिंथ 6:18).

पाप घडलेच, तर आदामाने हव्वेकडे आणि हव्वेने सर्पाकडे बोट दाखवले, तसे करू नये. जे केले ते त्याच्या नावानिशी, त्याच दिवशी देवापुढे कबूल करावे.