येऊरच्या जंगलात सकाळची निसर्गफेरी कशी करावी

ठाण्यातील उपवन तलावापासून वर चढत जाणारा येऊरचा रस्ता थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व भागात पोहोचतो. १०० चौरस किलोमीटरहून मोठे हे जंगल शहराला इतके लागून आहे, की येथे येणारे बरेच जण व्यायामाच्याच वेगाने चालतात आणि फारसे काही न पाहता परततात. निसर्गफेरीसाठी दोन तासांत एक-दीड किलोमीटर अंतर पुरेसे आहे. किती चाललो यापेक्षा कोठे आणि किती वेळ थांबलो, याला अधिक महत्त्व द्यावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. म्हणून प्रवेशाची वेळ आणि खुल्या वाटा यांची चौकशी वनविभागाच्या फाटकावर आधीच करावी. या जंगलात बिबट्यांचा कायमचा वावर असल्याने पुरते उजाडल्यावरच आत शिरावे, एकट्याने जाऊ नये आणि लहान मुलांना मोठ्यांच्या मधोमध चालवावे. मळकट हिरव्या किंवा खाकी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पकड असलेले बूट, पाणी आणि शक्य असल्यास ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण एवढे सामान पुरते. अत्तर लावू नये.

पहिल्या फेरीसाठी फेब्रुवारी महिना निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण या दिवसांत पानगळीमुळे पक्षी लपत नाहीत आणि काटेसावर फुललेली असते. खोडावर जाड, शंकूसारखे काटे आणि निष्पर्ण फांद्यांवर तळहाताएवढी लाल, मांसल फुले, अशी ही सावर दिसली की तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, सूर्य पाठीशी ठेवून, किमान अर्धा तास बसून राहावे. फुलांच्या पेल्यात साठलेल्या मधासाठी बुलबुल, कोतवाल, मैना, शिंजीर आणि हिवाळी पाहुण्या भोरड्या एकामागून एक येतात. दुर्बिणीतून नीट पाहिल्यास एखाद्या पक्ष्याच्या कपाळाला लागलेले परागकणही दिसतात. तेच पराग पुढच्या झाडावर पोहोचले, तर तेथे फळ धरते. एवढे एक झाड मनापासून पाहिले, तरी सकाळ सार्थकी लागते.

मार्चमध्ये कुसुमाच्या झाडाची कोवळी लाल पालवी पाहावी. पावसाळ्यात मात्र ओढ्यांना अचानक पाणी वाढते, त्यामुळे ते ओलांडू नयेत. पावसाळा सरता सरता वाटेवर आडवी पसरलेली कोळ्यांची मोठी जाळी न तोडता बाजूने जावे.

येऊरमधील आदिवासी पाडे ही माणसांची घरे आहेत; तेथे विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत. माकडांना काहीही खायला देऊ नये, कारण त्यामुळे ती माणसांच्या हातातील वस्तू हिसकावू लागतात. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणे कटाक्षाने टाळावे. विणीच्या काळात त्यामुळे पक्षी घरटे सोडून प्रतिस्पर्ध्याच्या शोधात भटकतो.

परतल्यावर त्याच दिवशी तारीख, झाड, पक्षी आणि तो काय करत होता, एवढी नोंद वहीत लिहावी. ती इतरांना जरूर पाठवावी. मात्र घरटे किंवा घुबडाची ढोली आढळली असल्यास तिचे नेमके ठिकाण कोणत्याही गटावर टाकू नये.