पूर्वजांच्या गावी पबमध्ये जेवायचंय? या चुका टाळा

सून किंवा जावई इंग्लंडचा असला, की त्यांच्या खापरपणजोबांचं गाव बघायला जाणं होतंच. सकाळी चर्चच्या आवारातली थडगी वाचायची आणि दुपारी गावच्या पबमध्ये जेवायचं, हा ठरलेला बेत. तो फसतो जेवणापाशी.

मुख्य चूक वेळेची. १९८८ पर्यंत इंग्लंडमध्ये पब दुपारी बंद ठेवावे लागत. कायदा बदलला, तरी खेड्यातल्या पबचं किचन दुपारी बहुधा १२ ते २ एवढंच चालतं. अडीचला पोचलात तर बार उघडा, पण जेवण नाही. सोमवारी-मंगळवारी बरेच पब बंदच असतात, रविवारच्या रोस्टला (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या असं जेवण) टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. म्हणून आदल्या दिवशी फोन करा आणि "पब उघडा आहे का?" असं विचारू नका, "किचन कितीपर्यंत चालू?" असं विचारा. जेवणाची वेळ आधी पक्की करा, थडगी नंतर बघता येतात.

रेड लायन, रॉयल ओक, क्राउन ही नावं गावोगावी आहेत. फोनवरच्या नकाशात नुसतं नाव टाकलंत तर तो भलत्याच गावाला नेईल, पोस्टकोड टाका. १८८१ च्या जनगणनेत पणजोबा पब चालवत होते म्हणून तो आज असेलच असं नाही, कित्येक पबांची आता घरं झालीत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे (सरकारी नकाशा खातं) नकाशे फुकट बघता येतात. त्यावर 'पी.एच.' (P.H., म्हणजे पब्लिक हाउस) अशी अक्षरं दिसली की तिथे पब होता समजा. हे शोधण्यात फार आनंद आहे, घरी बसूनच करा.

शाकाहारी मंडळींनी रोस्टची ग्रेव्ही कशाची हे विचारावंच, ती बहुधा मांसाच्या रसाची असते. प्लाउमन्स लंच म्हणजे चीज, पाव, आंबटगोड पिकल. त्यात हॅमही येऊ शकतं, तेव्हा नको म्हणून आधीच सांगा. बहुतेक ठिकाणी ऑर्डर बारवर जाऊन, टेबलाचा नंबर सांगून द्यायची. टेबलाशी वाट बघत बसलात तर कोणी फिरकणार नाही.

आणि साडेबाराच्या गर्दीत काउंटरवर वंशावळ पसरू नका. पूर्वी संशयास्पद मृत्यूंच्या चौकश्यासुद्धा पबमध्ये भरत, त्यामुळे विचारण्यासारखं पुष्कळ असतं. पण आधी जेवा. दोननंतर बार रिकामा झाला की आडनाव आणि साल ठळक लिहिलेली चिठ्ठी पुढे करा, आणि गावात सगळ्यात जुनं कोण राहतं ते विचारा.