मंगळावरून आलेली घबराट कशी तपासावी

'रेडिओवरचं नाटक ऐकून अख्खी अमेरिका रस्त्यावर आली' असं वर्गात कुणी म्हणालं, की मी पोरांना आधी ऐकणारे मोजायला लावतो. नाटक म्हणजे मंगळावरच्या स्वारीचं 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स', बातम्यांच्या थाटात सादर केलेलं: ३० ऑक्टोबर १९३८, रविवारची रात्र, सीबीएस हे रेडिओ जाळं, सादरकर्ता ऑर्सन वेल्स. श्रोते मोजणाऱ्या हूपर कंपनीने त्याच रात्री सुमारे ५,००० घरांत फोन केले होते. हा कार्यक्रम ऐकणारे निघाले २ टक्के. प्रतिस्पर्धी एनबीसीवर एडगर बर्गन बाहुल्याला बोलता करत होता, गर्दी तिकडे. (रेडिओवर शब्दभ्रम! तोही चालायचा.)

मग छापणाऱ्याचा स्वार्थ बघा. रेडिओ जाहिराती पळवत होता, वर्तमानपत्रं चिडलेली. घबराटीचे मथळे त्या हिशेबाने वाचा.

मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांचा या घबराटीवरचा १९४० चा अभ्यास उघडलात तर मुलाखती कुणाच्या, ते आधी पाहा: १३५ जण, बहुतेक न्यू जर्सीचे, त्यातले बरेच घाबरले म्हणूनच निवडलेले. लोक घाबरले होते, पोलिसांना फोनही गेले. पण चौकशीचा फोन म्हणजे पळापळ नव्हे.

तुलनेला इक्वेडोरची राजधानी क्विटो घ्या. फेब्रुवारी १९४९ मध्ये याच नाटकाच्या स्पॅनिश रूपानंतर जमावाने रेडिओची इमारत पेटवली, माणसं मेली. १९३८ च्या रात्रीसाठी तसलं काही सापडतं का, शोधा.