भरतीसाठी पळताय? नडगीचं दुखणं वाढवणाऱ्या या चुका टाळा

पोलीस भरतीची चाहूल लागली की बीड, परभणी, नांदेडकडच्या रस्त्यांवर पहाटे पोरंपोरी पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मेहनतीत ही लेकरं कुठंच कमी पडत नाहीत. तरीही ऐन मैदानी चाचणीच्या तोंडावर कितीतरी जणांची नडगी धरते, आणि बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जाहिरात निघेपर्यंत थांबायचं आणि मग एकदम रोज, तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत पळायचं. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला मात्र घट्ट व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून अंतर हळूहळू वाढवा, आठवड्यातून एक-दोन दिवस पळणं बंद ठेवा आणि जमेल तिथं मुरमाची वाट धरा.

दुखणं नेमकं कुठं आहे, ते बोटानं चाचपून बघा. नडगीच्या आतल्या कडेनं लांबवर दुखत असेल, तर तो बहुधा ताण असतो, विश्रांतीनं उतरतो. पण एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून पुन्हा पळायला जाऊ नका. दुखणं तसंच असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना परत दाखवा. वेदनेची गोळी खाऊन तर अजिबात पळू नका. दुखणं झाकलं जातं, इजा वाढत जाते. शिवाय उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी असताना या गोळ्या किडनीला घातक ठरतात.

काळ्या रानातल्या भेगांत पाय मुरगळला, तर चोळू नका, शेकूही नका. फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं धरा, पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

वजन उतरवायला उपाशी राहणं ही तशीच घातक चूक. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाणे, अंडी हे खाल्ल्याशिवाय हाड भरून येणार नाही. मुलींनी एक गोष्ट लपवू नये: पळणं वाढल्यावर पाळी चुकू लागली, तर ती खाणं कमी पडत असल्याची खूण असू शकते, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा. वजन जास्त असलेल्यांनी आधी काही आठवडे भरभर चालावं. एक किलो वजन उतरलं, तर गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो.

विश्रांतीनंतर परतताना आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दुखली, तर एक पायरी मागं या.