इंग्रजी संक्षेपांचं फ्रेंच करताना या चुका टाळा

मुंबईत फ्रेंच शिकलेली मुलं आता कमी नाहीत. अकरावी-बारावीला मार्क मिळतात म्हणून घेतात, त्यातली काही नेटाने बी२ या वरच्या पातळीपर्यंत जातात आणि मग भाषांतराची कामं घ्यायला लागतात. व्याकरण बरं असतं. घात होतो तो दोन-तीन अक्षरी इंग्रजी संक्षेपांवर. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कामात वर्षानुवर्षं त्याच जागी लाल पेन चालतं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे अक्षरं जशीच्या तशी ठेवणं. एड्सचं फ्रेंचमध्ये सिदा होतं, डीएनएचं एडीएन, एमआरआयचं आयआरएम, व्हॅटचं टीव्हीए. हे बहुतेकांना पाठ असतं. पण तीच अक्षरं फ्रेंचमध्येही असली आणि अर्थ भलताच असला, की नवशिके हमखास फसतात.

एक आजी मुलीकडे फ्रान्सला राहायला निघाल्या होत्या. काचबिंदूवर इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लॅटानोप्रोस्टचा १ थेंब, पुढे ‘एलई’ आणि त्यापुढे ‘ओडी’, एवढंच. आपल्याकडच्या कोणत्याही केमिस्टला कळतं: डावा डोळा, दिवसातून एकदा. भाषांतर करणाऱ्या मुलीने दोन्ही संक्षेप तसेच उतरवले. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, मेडिकल शॉर्टफॉर्म आहेत, तिकडच्या डॉक्टरांना कळतीलच.” तिकडे ‘एलई’ म्हणजे डावा डोळा होत नाही. डाव्या डोळ्याला ते ‘ओजी’ लिहितात. आणि ‘ओडी’ म्हणजे त्यांच्याकडे अय द्र्वा, उजवा डोळा! म्हणजे तो कागद तिथल्या नर्सने वाचला असता तर औषध नेमकं नको त्या डोळ्यात गेलं असतं. वेळेत सापडलं म्हणून निभावलं. त्या मुलीला मी तेव्हा जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. औषधाच्या कागदावर एकही संक्षेप ठेवायचा नाही. ‘डाव्या डोळ्यात, दिवसातून एकदा’ असं पूर्ण फ्रेंच वाक्य लिहायचं. चार शब्द जास्त झाले तर होऊ देत. ‘बीडी’ला दिवसातून दोनदा, ‘एसओएस’ला गरज पडल्यास, सगळं अक्षरी. फ्रेंच माणसाला ‘बीडी’ म्हटलं की कॉमिक्सचं पुस्तक आठवतं.

दुसरी चूक म्हणजे नेटवर पहिला दिसेल तो अर्थ उचलणं. ‘एमएस’ शोधलं की मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार वर येतो, फ्रेंचमध्ये स्क्लेरोज आं प्लाक. पण कागद हृदयाच्या डॉक्टरांचा असेल तर तो मायट्रल स्टेनोसिस असतो, हृदयाची झडप अरुंद होणं, फ्रेंचमध्ये रेत्रेसिसमां मित्राल. ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब झालेले रुग्ण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे आपल्या हॉस्पिटलच्या कागदांत हा दुसरा ‘एमएस’ वारंवार भेटतो. शेजारी ‘एमव्हीए’ आणि चौरस सेंटिमीटरमधला आकडा असेल तर ते झडपेचं क्षेत्रफळ. त्याला ‘मोटर व्हेइकल ॲक्सिडेंट’ समजून वाहन अपघात करून ठेवलेलाही मी पाहिला आहे. शेजारचा आकडा वाचायचे कष्ट घेतले असते तरी पुरे होतं.

म्हणून मी आधी लेटरहेड बघते. ‘टीडीएस’ डॉक्टरांनी लिहिलं तर दिवसातून तीनदा, सीएने लिहिलं तर मुळातून कापलेला कर, म्हणजे रतन्यू आ ला सूर्स, आणि वॉटर प्युरिफायरच्या पत्रकात असेल तर पाण्यात विरघळलेले क्षार. मग पेन्सिलने कागदभर प्रत्येक संक्षेपाचं पूर्ण इंग्रजी रूप समासात लिहिते. ते पूर्ण झाल्याशिवाय फ्रेंचचा एक शब्द टाइप करत नाही. नव्या मुलांना हे वेळखाऊ वाटतं. पानाचे पैसे मिळतात, समासाचे नाही, असं त्यांचं गणित असतं. त्यांनी हे काम घेऊ नये.

व्हिसाच्या फाइलींतली प्रतिज्ञापत्रं हा वेगळा त्रास. नावापुढे तिरकी रेघ देऊन ‘डब्ल्यू-ओ’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्याचा अर्थ अमक्याची पत्नी. भाषांतराच्या मशीनला मात्र ते इंग्रजी ‘विदाउट’ वाटू शकतं आणि फ्रेंचमध्ये ‘सां’ उमटतं. बाई नवऱ्याविना उरते! एपूझ द लिहा. ‘एस-ओ’ला फिस द, ‘डी-ओ’ला फीय द. सहीच्या जागी असणाऱ्या ‘एसडी’ला सिन्ये. ‘पीओ’ खरेदीच्या कागदात परचेस ऑर्डर, म्हणजे बों द कोमांद असतो, पत्त्यात पोस्ट ऑफिस.

पत्त्याचं भाषांतर करूच नका. अंधेरीपुढच्या कंसातल्या ‘डब्ल्यू’चा, म्हणजे वेस्टचा, फ्रेंच ‘ओ’ केला, तर इथल्या कुरिअरवाल्याला तो शून्य वाटेल.

मिस्टरचं फ्रेंच संक्षिप्त रूप नुसतं एम आणि टिंब. मादामच्या आणि डॉक्टरच्या संक्षेपाला टिंब नाही, कारण मूळ शब्दाचं शेवटचं अक्षर त्यात शिल्लक असतं. आद्याक्षरांच्या संक्षेपांना अनेकवचनात एस लावू नका; मादाम आणि डॉक्टरच्या संक्षेपाला मात्र तो लागतो.

शोधायला कॅनडा सरकारचं टर्मियम प्लस आणि क्वेबेकचा ग्रां दिक्सियोनेर तर्मिनोलोजिक वापरा. दोन्ही फुकट आहेत आणि विषयवार अर्थ देतात. विषयाचा रकाना वाचा, पहिल्या ओळीवर थांबू नका. कागद फ्रान्सला जाणार असेल तर तो शब्द तिथे चालतो का तेही पडताळा.

एवढं करूनही अर्थ लागला नाही तर क्लायंटला फोन करा, हॉस्पिटलचा कागद असेल तर ज्या डॉक्टरांची सही आहे त्यांच्याकडून लेखी उत्तर मागवा. उत्तर आलंच नाही तर मूळ अक्षरं चौकोनी कंसात ठेवा आणि खाली नोत द्यू त्रादूक्तर, म्हणजे भाषांतरकाराची टीप, म्हणून स्पष्ट लिहा की मूळ कागदात अर्थ दिलेला नाही. अंदाज लिहू नका.