आडव्या बोटाच्या खुणा कशा सुटल्या

कॉलेज रोडवरून ‘स्पॅनिश रोमान्स’ या गिटारच्या धूनच्या नोटेशनची झेरॉक्स आणली, पण तिच्यात ‘सी’ अक्षरावरची बारीक उभी रेघच उडाली होती. नुसता ‘सी’ म्हणजे तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या, रेघ मारलेला ‘सी’ म्हणजे अर्धं बोट, थोड्याच तारांवर. पुढचा रोमन आकडा फ्रेटचा, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीचा. कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) नावाशी त्याचा काही संबंध नाही. (हे छापणारे एका ओळीत सांगतील तर शपथ!)

मग बेसचे, म्हणजे जाड तारांवरचे, स्वर बघून ताळा घेतला. पाचव्या फ्रेटच्या खुणेखाली बेस पाचव्या तारेचा, बाजूला शून्य, म्हणजे तार मोकळी. तिथे पूर्ण बोट आडवं टाकलं की ‘ए’ स्वराऐवजी ‘डी’ वाजतो. म्हणून तिथे खालच्या तीनच बारीक तारा दाबायच्या. सातव्या फ्रेटवर मात्र बेस सहाव्या तारेवर दाबलेला, तेव्हा पूर्ण बोट हवंच. वर करंगळी अकराव्या फ्रेटपर्यंत ताणायची, मनगट पार पिळवटतं.

वर्तुळातले आकडे तारांचे, साधे १ ते ४ डाव्या हाताच्या बोटांचे, तर्जनीपासून. उडालेली रेघ मी लाल पेनने काढून घेतली.